ताबा गेला म्हणजे नेमके काय गेले?

(कायद्याचा पाठ : शेतजमिनीचा ताबा, बेदखली आणि मुदत)



हंगाम जोरात चालू होता. मार्च महिन्यातल्या एका सकाळी आपल्यातलेच एक वयस्क सभासद माझ्याकडे आले. पिशवीतून ७/१२, फेरफार, वडिलांच्या वेळचे खरेदीखत असे सगळे कागद काढून त्यांनी टेबलावर मांडले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, शेजाऱ्यानं बांध कोरून माझं चार गुंठं रान आत घेतलं. त्यात आडसाली लावलीय. कागद तर समदे माझ्या नावचे हायत."

मी विचारले, "अण्णा, हे झालं कधी?"

"आषाढी झाली आन् लगेच. लागणीच्या वक्ताला."

"मग इतके दिवस थांबलात कशाला?"

"म्हटलं, उभ्या पिकात भांडण नको. त्याचा ऊस तुटू दे, मग बघू."

अण्णांचा हा समजूतदारपणाच त्यांना नडला. आषाढी ते मार्च म्हणजे आठ महिने होऊन गेले होते. असा ताबा झटपट परत मिळवण्याच्या ज्या दोन वाटा कायद्याने शेतकऱ्याला दिल्या आहेत, त्या दोन्ही सहा महिन्यांत बंद होतात. आडसाली ऊस रानात उभा राहतो सोळा-अठरा महिने. म्हणजे "ऊस तुटू दे" म्हणणाऱ्याचा ऊस तुटण्याच्या कितीतरी आधी त्याची मुदत तुटलेली असते.

अण्णांचे कागद मालकीचे होते. प्रश्न मात्र ताब्याचा होता, आणि ताब्याच्या प्रश्नात आधी तारीख बघतात. म्हणून आज 'ताबा' आणि 'ताबा जाणे' या शब्दांचा कायद्यातला अर्थ सोप्या भाषेत समजून घेऊ.

मालकी, ताबा आणि नोंद : तीन वेगळ्या गोष्टी

आपण बोलताना तिन्हींची गल्लत करतो. "रान माझं आहे" या एका वाक्यात आपण सगळेच धरतो. कायदा तसे धरत नाही.

मालकी म्हणजे हक्क. तो खरेदीखत, वाटणी, वारसा, बक्षीसपत्र यांनी येतो.

ताबा म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट. रानात नांगर कोणाचा फिरतो, पाणी कोण पाजतो, पीक कोण काढून नेतो, आणि हे सगळे तो कोणासाठी करतो, यावर ताबा ठरतो.

नोंद म्हणजे ७/१२ वरचे नाव. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे ही नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. पण नोंदीने मालकी निर्माणही होत नाही आणि संपतही नाही. नोंद हा पुरावा आहे, हक्क नव्हे.

या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असल्या तर भांडणच नाही. भांडण सुरू होते ते त्या वेगवेगळ्या हातांत गेल्यावर.

ताबा कोणाचा समजावा?

रानात उभा असलेला प्रत्येक माणूस ताबेदार नसतो. तुमचा सालगडी वर्षभर रानात राबतो, राखणदार तिथेच वस्तीला असतो, पण ताबा तुमचाच. त्यांच्या हातून तो तुम्हीच ठेवलेला असतो. गोव्यातील एका घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हे स्पष्ट केले. बहिणीने भावाला घरात राहू दिले होते. पुढे भावाने ताब्याचा दावा लावला. न्यायालयाने सांगितले की राखणदार, नोकर किंवा सांभाळ करणारा माणूस कितीही वर्षे राहिला, तरी त्या राहण्याने त्याला जागेत हक्क मिळत नाही.

तीच गोष्ट भाऊबंदकीची. सामाईक जमिनीत एका हिस्सेदाराचा ताबा हा सर्वांचा ताबा समजतात. भाऊ एकटा कसतो, बहीण सासरी आहे, तिचे नाव ७/१२ वर आहे. एवढ्याने बहीण बेदखल झाली असे होत नाही. हिस्सेदाराला खरोखर बेदखल केले असे म्हणायचे तर दुसऱ्याने त्याचा हक्क उघडपणे नाकारलेला असला पाहिजे, आणि तो नकार त्याच्यापर्यंत पोचलेला असला पाहिजे. १९५७ पासून सर्वोच्च न्यायालयाचे हेच धोरण आहे. तेव्हा "बारा वर्षे मीच कसतोय, आता बहिणीचा हिस्सा संपला" असे कोणी पारावर सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

ताबा जातो तो चार तऱ्हांनी

'ताबा गेला' हे शब्द एकच, पण त्यामागे काय घडले यावर उपाय ठरतो.

१) ताबा सोडणे. माणूस स्वतःच रान टाकून निघून गेला आणि मागाहून दुसरा आत आला. १९०८ च्या जुन्या मुदतीच्या कायद्यात 'ताबा हिरावला जाणे' आणि 'ताबा सोडणे' असे दोन शब्द शेजारी शेजारीच होते. फरक सोपा आहे. दुसऱ्याने येऊन तुम्हाला बाहेर काढले तर ताबा हिरावला. तुम्ही बाहेर पडलात आणि मग दुसरा आला तर ताबा सोडला. पण एखादे साल रान पड राहिले म्हणून ताबा सोडला असे होत नाही. सोडून देण्याचा इरादा दिसला पाहिजे.

२) संमतीने ताबा देणे. साठेखत करून, पैसे घेऊन, तुम्हीच खरेदीदाराला रानात उतरवले. उद्या व्यवहार मोडला, तरी "मला बेदखल केले" असे म्हणता येणार नाही. बेदखलीच्या व्याख्येतच 'संमतीशिवाय' हा शब्द आहे. म्हणून साठेखतात 'ताबा दिला' ही ओळ लिहिण्याआधी दहा वेळा विचार करावा. घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की ताब्यासह केलेल्या साठेखताच्या जोरावर ताबा राखायचा असेल, तर २४ सप्टेंबर २००१ पासून ते साठेखत नोंदणी केलेले असावे लागते.

३) बेदखली. तुमच्या संमतीशिवाय आणि कायद्याच्या मार्गाशिवाय ताबा काढून घेणे, ही खरी बेदखली. त्यासाठी काठी-कुऱ्हाडच चालली पाहिजे असे नाही. तुम्ही पंढरीला गेल्यावर रात्रीत ट्रॅक्टर घालून पेरणी केली, बांध कोरून तीन फूट आत आला, मोटरीला कुलूप घातले, तरी ती बेदखलीच.

४) कायद्याच्या मार्गाने ताबा जाणे. कोर्टाचा हुकूमनामा झाला, बेलिफ आला, पंचनामा करून ताबा दिला. इथे ताबा गेला, पण बेकायदा गेला नाही. मात्र दुसऱ्यांच्या भांडणातल्या हुकूमनाम्यात तुमचे रान ओढले गेले, तर तुम्हाला उपाय आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ९९ खाली त्याच कोर्टात अर्ज करता येतो. मुदत फक्त ३० दिवस. "आम्ही त्या दाव्यात नव्हतोच, आम्हाला काय होतंय?" म्हणून घरी बसणाऱ्याचा महिना कधी संपतो ते त्यालाही कळत नाही.

सहा महिन्यांच्या दोन वाटा

पहिली वाट तहसीलदारांची. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ हा शंभराहून अधिक वर्षांचा कायदा आजही आपल्या उपयोगाचा आहे. त्याच्या कलम ५ खाली शेतजमीन, चराऊ जमीन, झाडे किंवा पीक यांच्या ताब्यातून कोणाला कायद्याच्या मार्गाशिवाय काढले असेल, तर तहसीलदार ताबा परत देऊ शकतात. विहीर, तळे, पाट यांच्या पाण्याचा वापर बंद पाडला असेल, तर तोही पूर्ववत करून देऊ शकतात. ताबा अजून गेलेला नाही पण अडथळा चालू आहे, अशा वेळी मनाई हुकूमही देता येतो. शेतरस्ता अडवल्याचे पुष्कळ अर्ज याच कलमाखाली होतात. मुदत : कारण घडल्यापासून सहा महिने.

तहसीलदारांसमोर प्रश्न थोडके असतात. अर्जदाराचा ताबा होता का? समोरच्याने कायदा सोडून तो काढला का? हे सहा महिन्यांच्या आत घडले का? मालकीचा अखेरचा निवाडा तिथे होत नाही. निकालावर अपील नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो. आणि दिवाणी कोर्टाचा निर्णय आला की तोच वरचढ ठरतो.

दुसरी वाट दिवाणी कोर्टाची. विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ चे कलम ६. हेही सहा महिन्यांतच वापरावे लागते. इथे कोर्ट मालकी विचारातच घेत नाही. "आधी ताबा कोणाचा होता, आणि तो कसा काढला?" एवढेच बघते. समोरचा अस्सल मालक असला, तरी त्याने दांडगाईने काढलेला ताबा आधी परत द्यावा लागतो. मग त्याने हवा तर मालकीचा दावा स्वतंत्र लावावा. या कलमाखालच्या निकालावर अपील नाही. सरकारविरुद्ध मात्र हा दावा लावता येत नाही.

सहा महिने मोजायचे ते ताबा गेल्याच्या तारखेपासून. १४ जुलैला रान गेले तर १४ जानेवारी, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला, मुदत संपली. आणि हे नीट ध्यानात घ्या : पोलिसांत अर्ज दिला म्हणून हे सहा महिने थांबत नाहीत. मोजणीचे पैसे भरले म्हणून थांबत नाहीत. गावचे पंच "दिवाळीनंतर बसू" म्हणाले म्हणून तर मुळीच थांबत नाहीत. बोलणी जरूर करावीत, पण तारखेकडे एक डोळा ठेवून करावीत.

फौजदारी बाजू

ताब्यावरून डोकी फुटण्याची वेळ आली, तर कार्यकारी दंडाधिकारी मध्ये पडू शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४५ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम १६४ आले आहे. हुकुमाच्या दिवशी प्रत्यक्ष ताबा कोणाचा, एवढेच तिथे ठरते. मात्र पोलीस अहवाल किंवा खबर येण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत कोणाला जबरीने आणि बेकायदा काढले असेल, तर ताबा त्याचाच होता असे धरता येते. म्हणून खबर लवकर द्यावी आणि लेखी द्यावी.

सहा महिने गेले, आता?

सगळे गेले असे नाही. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६४ प्रमाणे पूर्वीच्या ताब्याच्या आधारावर, ताबा गेल्यापासून १२ वर्षांत दावा करता येतो. अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकीच्या आधारावर, समोरच्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध सुरू झाल्यापासून १२ वर्षांत दावा करता येतो. सहा महिन्यांच्या कामात जे प्रश्न कोर्ट विचारत नाही, ते सगळे इथे विचारले जातात. खरेदीखत सिद्ध करा, वारसा सिद्ध करा, हद्द दाखवा, मोजणी आणा. वर अपिले. अण्णांच्या वाट्याला आता हीच वाट आहे.

आणि बारा वर्षेही गेली तर? मुदत अधिनियमाचे कलम २७ सांगते की दाव्याची मुदत संपली की जमिनीवरचा हक्कच संपतो. मात्र त्यासाठी समोरच्याचा ताबा उघड, अखंड आणि तुमच्या मालकीला आव्हान देणारा असावा लागतो. परवानगीने, ओळखीने, नात्याने दिलेल्या ताब्याला हे लागू होत नाही. असा विरुद्ध ताबा बारा वर्षे पुरा केलेल्याला वादी म्हणूनही दावा लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरवले. त्याआधी ते मुख्यतः बचावाचे साधन समजत. तेव्हा मुंबई-पुण्याला नोकरीला असलेल्या भावांनी गावच्या रानाकडे वर्षातून एकदा तरी फेरी मारावी.

मालकालाही दांडगाई करता येत नाही

आता नाण्याची दुसरी बाजू. "रान माझं, मग मी त्याचा ऊस नांगरून टाकतो" असे पुष्कळजण रागात म्हणतात. ते महागात पडते.

पंजाबातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली 'स्थिर ताबा' म्हणजे काय ते सांगितले. शेतजमिनीच्या बाबतीत त्याची एक नेहमीची खूण म्हणजे, घुसलेल्या माणसाने तिथे पीक घेतले आहे का? त्याने पीक उभे केले असेल, तर खऱ्या मालकालाही ते पीक मोडून जबरीने ताबा घेण्याचा हक्क नाही. २००३ साली त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की स्थिर ताबा असलेल्याला कायद्याच्या मार्गानेच काढले पाहिजे.

घुसखोर आत येत असतानाच त्याला अडवणे, जरुरीपुरत्या बळाने बाहेर काढणे, हा मालकाचा हक्क आहे. पण तो स्थिरावला, त्याचा ऊस कांड्यावर आला, की तो हक्क उरत नाही. तेव्हा उभ्या उसाला हात लावू नका, पेटवू तर मुळीच नका. त्याने घेतलेल्या पिकाचे पैसे, मधल्या काळाचे उत्पन्न म्हणून, मालकीच्या दाव्यात मागता येतात.

मनाई मागायची की ताबा?

इथे पुष्कळ दावे फसतात. ताबा तुमच्याकडे आहे आणि कोणी त्रास देतो, तर मनाईचा दावा. ताबा गेला असेल, तर ताबा परत मागण्याचा दावा. मालकीवरच गंभीर वाद असेल, तर मालकी जाहीर करून मागावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली याची नीट फोड करून दिली आहे. ताबा गेलेला असताना नुसती मनाई मागणारा शेतकरी चार वर्षांनी रिकाम्या हाताने परत येतो. म्हणून वकिलाला खरी हकीकत सांगा. "ताबा आमचाच आहे" असे अभिमानाने लिहायला लावू नका.

कुळांच्या बेदखलीची आठवण

बेदखली या शब्दाचे वजन आपल्या वाडवडिलांना चांगले माहीत होते. पश्चिम महाराष्ट्राला लागू असलेल्या १९४८ च्या कूळकायद्याने, कुळाच्या ताब्यातली जमीन मामलतदारांच्या हुकुमाशिवाय मालकाने घेऊ नये, असे कलम २९ मध्ये सांगितले. कुळाचा राजीनामासुद्धा लेखी आणि मामलतदारांसमोर पडताळलेला लागे. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले. पण त्याआधीच अनेकांना गुपचूप काढून टाकले होते. त्यांचे काय?

१९६९ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी कलम ३२(१ब) आले. १५ जून १९५५ रोजी ताब्यात असलेले, पण १ एप्रिल १९५७ पूर्वी कायद्याच्या मार्गाशिवाय काढलेले कूळ, आणि ३१ जुलै १९६९ रोजी जमीन मालकाकडे किंवा त्याच्या वारसाकडेच असेल व ती बिगरशेतीकडे वळवलेली नसेल, तर जमीन कुळाला परत द्यावी, असे ठरले. बेकायदा काढलेला माणूस रानात नसला, तरी कायदा त्याला रानात असल्यासारखे बघू शकतो, हा याचा अर्थ. मात्र तिथेही प्रत्येक गोष्ट तारखेला बांधलेली होती. ज्यांच्याकडे पावत्या होत्या, पीक पाहणीत नाव होते, त्यांना आधार मिळाला.

सरकारने ताबा घेतला तर

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत हक्क राहिला नाही. पण अनुच्छेद ३००अ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. हिमाचल प्रदेशातील एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ च्या सुमाराला रस्त्यासाठी घेतली, ना भूसंपादन, ना मोबदला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तिला मोबदला देववला आणि बजावले की कल्याणकारी राज्याने नागरिकाच्या जमिनीवर विरुद्ध ताब्याचा हक्क सांगू नये.

त्याच वर्षीच्या मार्चमधला दुसरा निकालही समजून घ्यावा. रीतसर संपादनात सरकारने पंचनामा करून ताबा घेतला, की कायद्याच्या नजरेत ताबा गेला. त्यानंतर तुमचा ऊस तिथे उभा असला, तरी तुम्ही ताबेदार राहत नाही. म्हणून पंचनाम्याच्या वेळी हजर राहा. उभे पीक, विहीर, झाडे, पाइपलाइन यांची नोंद त्यात करून घ्या. न वाचता सही करू नका. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे, मोबदला पुरा दिल्याची खात्री करूनच जिल्हाधिकाऱ्यांनी ताबा घ्यायचा असतो.

ऊस उत्पादकाकडचा पुरावा

आपल्याकडे असा पुरावा असतो जो इतर शेतकऱ्याकडे क्वचित सापडेल. कारखान्याची ऊस नोंद, त्यातली लागणीची तारीख, गट नंबर, जात आणि क्षेत्र, तोडणीची चिठ्ठी, वजनाची पावती, ऊस बिल, सोसायटीचे पीककर्ज, पाणीपट्टीची पावती. हे सगळे मालकीचे कागद नव्हेत, आणि कारखाना मालकी ठरवतही नाही. पण अमक्या साली अमक्या गटात ऊस कोणी लावला आणि कोणी घातला, हे ते सांगतात. म्हणजेच ताबा सांगतात. बिल हातात पडले की पावत्या चुलीत घालू नका. २०२१ पासून पीक पाहणी मोबाईलवर आपली आपण नोंदवता येते, तीही दर हंगामात चुकवू नका.

सभासदांच्या शंका

शंका : बांधावरून फूट-दोन फूट सरकला, ही बेदखली का?
उत्तर : होय, तेवढ्या पट्ट्यापुरती. मोजणीचा अर्ज लगेच करा, पण मोजणीची वाट बघत सहा महिने घालवू नका.

शंका : ७/१२ माझ्या नावावर आहे, मग भीती कशाची?
उत्तर : नाव असूनही ताबा दुसऱ्याचा असू शकतो, आणि बारा वर्षांनी नावालाही धोका पोचतो.

शंका : कोर्टाचा खर्च झेपत नाही.
उत्तर : १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठराविक उत्पन्नाच्या आतले नागरिक यांना मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करावा.

ताबा गेला त्याच आठवड्यात एवढे करा

१) तारीख, वेळ, कोण आले, काय केले, कोणी पाहिले, हे कागदावर लिहून ठेवा.
२) पोलीस ठाण्यात व तहसील कचेरीत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. समोरच्याला नोटीस पोच मिळेल अशा टपालाने पाठवा.
३) मोबाईलवर फोटो काढा, आणि मूळ फोटो त्याच मोबाईलमध्ये राहू द्या.
४) ऊस बिले, पावत्या, पीक पाहणी गोळा करा.
५) पंधरा दिवसांच्या आत वकिलाला भेटा. प्रत्येकाची हकीकत वेगळी असते, ती ऐकूनच मार्ग ठरतो.

अण्णांच्या कामात आम्ही मोजणी करून घेतली आणि मालकीच्या आधारावर दावा लावला. तो आज चालू आहे. शेजाऱ्याची आडसाली तुटून गेली, खोडवाही गेला. परवा तारखेला आले तेव्हा अण्णा म्हणाले, "वकीलसाहेब, हे आपल्या कारखान्याच्या अंकात लिवा. माझं नाव घालू नका, पण सहा महिन्याचं तेवढं मोठ्या अक्षरात घाला."

त्यांच्या सांगण्यावरून हा लेख लिहिला. आपल्या घरी, शेजारी, भाऊबंदांत कोणाचा बांध कोरला गेला असेल, तर त्याला हा अंक वाचायला द्या, आणि पहिला प्रश्न हाच विचारा : "कोणत्या तारखेला?"